आपल्या कराचा पैसा, आपली सूचना: नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी गणपतीच्या आसपास आम्ही काही शेजारी मांडवाशेजारी टेबल टाकून बसतो आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी लोकांचे सूचना अर्ज भरून देतो. तिथे आणि वर्षभर फोनवर जे प्रश्न येत राहतात, तेच इथे एकत्र केले आहेत. गावाकडच्या नातेवाइकांकडून ग्रामसभेबद्दलही बरंच विचारलं जातं, म्हणून प्रश्न १५ ते २० मध्ये गावाचा भाग घेतला आहे. आधी उत्तर दिलेलं असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक म्हणजे नेमकं काय? महापालिकेचं बजेट तर नगरसेवक आणि अधिकारी ठरवतात ना?

मंजुरी त्यांचीच असते. पण त्या अंदाजपत्रकातला एक ठरावीक हिस्सा रहिवाशांनी सुचवलेल्या कामांसाठी बाजूला काढून ठेवायचा, ही पद्धत काही शहरांनी स्वीकारली आहे. तुमच्या गल्लीतला पदपथ, बसथांब्यावरचं बाक, तुंबणारं गटार ही कामं तुम्ही लेखी सुचवायची, अभियंत्याने जागेवर येऊन पाहायची, खर्चाचा अंदाज काढायचा आणि मग ती पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात नावानिशी यायची. "नावानिशी" हा शब्द महत्त्वाचा आहे. "प्रभागातील विकासकामे" अशा मोघम ओळीखाली पैसा कुठे गेला हे शोधायला जन्म जातो. स्वतंत्र ओळीत लिहिलेल्या कामाबद्दल वर्षभर प्रश्न विचारता येतो.

२. ही कल्पना आली कुठून?

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातून. १९८९ मध्ये तिथल्या नव्या महापौरांनी शहराचे भाग पाडले आणि प्रत्येक भागात रहिवाशांच्या खुल्या सभा घेऊन, कोणती कामं आधी करायची हे ठरवायला सुरुवात केली. भागाला किती पैसा द्यायचा याचं सूत्रही ठरवलं: लोकसंख्या किती, सोयींची कमतरता किती आणि लोकांनी कशाला अग्रक्रम दिला. म्हणजे जिथे नळ आणि गटार नाही त्या भागाला जास्त वजन. १९८८ मध्ये तिथल्या सुमारे ७५ टक्के घरांत नळ आणि मलवाहिनीची जोडणी होती, १९९७ पर्यंत हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं.

आपल्या देशात केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजनानिधीतला ३५ ते ४० टक्के वाटा थेट स्थानिक संस्थांकडे दिला. महाराष्ट्रात पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली, आणि ती प्रथा आजवर टिकून आहे. मधल्या काळात पॅरिस, न्यू यॉर्क अशा शहरांनीही आपापल्या रीतीने ही पद्धत उचलली.

३. यात पैसा असतो तरी किती?

पुण्याचं उदाहरण घेऊ. तिथे एका कामासाठी साधारण ५ लाख रुपयांची मर्यादा असते, आणि प्रभागाच्या आकारानुसार प्रभागाला ५० लाखांपासून १ कोटीपर्यंत रक्कम मिळत आली आहे. महापालिका आयुक्तांनी २०२५-२६ साठी मांडलेलं अंदाजपत्रक होतं सुमारे १२,६१८ कोटींचं. ४१ प्रभागांना प्रत्येकी पूर्ण १ कोटी धरला तरी होतात ४१ कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम ३२ पैसे.

हा आकडा आम्ही टेबलावर बसून लोकांना मुद्दाम सांगतो. ३२ पैशांवर समाधान मानावं म्हणून नव्हे. या ३२ पैशांसाठी तुम्ही एकदा एस्टिमेट, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, वाचायला शिकलात की उरलेल्या ९९ रुपये ६८ पैशांची कागदपत्रंही तुम्हाला वाचता येतात. आमच्या गटातल्या ज्या गृहिणी आज महापालिकेच्या अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक उघडून नेमकं पान काढून दाखवतात, त्यांनी सुरुवात एका बाकाच्या अर्जापासून केली होती.

४. अर्ज कधी आणि कुठे द्यायचा?

पुण्यात साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाहीर आवाहन निघतं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे महापालिकेच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात, मिळतो आणि तिथेच द्यायचा असतो, महापालिकेच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. मुदत दर वर्षी वेगळी असते, त्यामुळे ऑगस्ट लागला की वर्तमानपत्रातल्या जाहीर निवेदनांवर लक्ष ठेवा. कागदी अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाइन भरलात तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

पुण्याबाहेर काही महापालिका अंदाजपत्रकाआधी ईमेलने किंवा पत्राने सूचना मागवतात, पण त्यांच्याकडे वेगळा राखीव निधी असतोच असं नाही. अशा ठिकाणी तुमची सूचना ही फक्त सूचना असते. तरी द्या, आणि पोच घ्या.

५. कोणती कामं यात बसतात? आमच्या भागात उड्डाणपूल हवा आहे.

उड्डाणपूल बसत नाही. पाच लाखांत, महापालिकेच्याच मालकीच्या जागेवर आणि एका वर्षात पुरं होईल असं काम लागतं: पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बाकं, बसथांबा, पावसाळी गटाराची जाळी, सार्वजनिक स्वच्छतागृहाची डागडुजी, उद्यानातली खेळणी, गतिरोधक, नामफलक.

लोक सर्वांत जास्त चुकतात ते जागेच्या मालकीत. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे, कालव्याची कड पाटबंधारे खात्याची आहे, समोरचा भाग कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत येतो, हे अर्ज फेटाळला गेल्यावर कळतं. अर्जाआधी कनिष्ठ अभियंत्याला एकच प्रश्न विचारा: "ही जागा आपल्या ताब्यात आहे का?" या पाच मिनिटांनी पुढचं वर्ष वाचतं.

६. अर्ज कसा लिहू? मागच्या वर्षी "आमच्या भागातील रस्ते सुधारावेत" असं लिहिलं होतं, काहीच झालं नाही.

त्या वाक्यावरून कोणताही अभियंता एस्टिमेट काढू शकत नाही. कुठला रस्ता, किती लांब, काय करायचं, हे त्यात कुठेच नाही. तोच अर्ज असा लिहा:

"महापालिका शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत, रस्त्याच्या डाव्या बाजूस, सुमारे ६० मीटर लांबीचा पदपथ करणे. सध्या येथे पदपथ नाही. सकाळी सात ते साडेसात या वेळेत शाळेची मुले रस्त्यावरून चालतात आणि त्याच वेळी पाण्याचे टँकर जातात. मध्ये विजेचा एक डीपी बॉक्स व दोन झाडे आहेत. सोबत तीन छायाचित्रे व हातनकाशा जोडला आहे."

लांबी मोजायला टेप नसली तरी चालतं. पावलांनी मोजा आणि "सुमारे" लिहा. डीपी बॉक्स आणि झाडांचा उल्लेख आवर्जून करा, कारण नंतर "अडथळा असल्याने काम शक्य नाही" असा शेरा येतो तो याच गोष्टींवर. फोटो काढताना एक दुरून काढा, म्हणजे ओळखीचं दुकान किंवा चौक दिसेल, आणि एक जवळून. खर्चाचा आकडा तुम्ही लिहायलाच हवा असं नाही. तो अभियंता जिल्हा दरसूचीवरून, म्हणजे डीएसआरवरून काढतो. मात्र काम ५ लाखांच्या आत बसणार नाही असं दिसत असेल तर टप्पे पाडा: या वर्षी शाळेची बाजू, पुढच्या वर्षी समोरची.

एका अर्जात एकच काम लिहा. पाच कामांच्या अर्जातलं एक अडलं की पाचही अडतात, हे आम्ही फार पाहिलं आहे.

७. एकाच कामासाठी शंभर जणांनी अर्ज दिले तर वजन पडतं का?

थोडं पडतं, पण छापील मजकुराखाली शंभर सह्यांपेक्षा वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले दहा अर्ज जास्त बोलतात. एकात आजोबा लिहितात की दवाखान्यात जाताना मधे बसायला जागा नाही, दुसऱ्यात रिक्षाचालक लिहितो की खड्ड्यामुळे वळण घेता येत नाही. दोघं एकाच जागेबद्दल बोलत असतात. अभियंत्याला त्यातून काम कुठे आणि का करायचं हे कळतं. सगळ्यांनी जागेचं वर्णन मात्र सारखं लिहा, नाहीतर एकाच कामाच्या दहा वेगळ्या नोंदी होतात.

८. अर्ज घरून भरता येतो, मग एकत्र बसून बैठक कशाला घ्यायची?

आम्हाला सर्वांत कळकळीने ज्याबद्दल बोलावंसं वाटतं तो हाच प्रश्न.

एका वर्षी आमच्या गल्लीतून पथदिव्यांसाठी सात-आठ अर्ज तयार झाले होते. रात्री रस्ता अंधारा असतो, ही तक्रार खरी होती. अर्ज देण्याआधी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं. कोपऱ्यावर भाजीची गाडी लावणाऱ्या मावशी शेवटी बोलल्या, "दिवे आहेत हो. चारही चालू आहेत. पण ते झाडाच्या आत आहेत." त्याच रात्री सगळे बॅटऱ्या घेऊन बाहेर पडलो. मावशी म्हणाल्या तसंच होतं. फांद्या दिव्यांच्या खाली उतरल्या होत्या आणि उजेड वरच्या वर पानांत अडकत होता. मावशी रात्री साडेनऊपर्यंत तिथे उभ्या असतात, म्हणून त्यांना ते दिसलं. आम्ही बाकीचे स्कूटरवरून जाणारे. काम नव्या दिव्यांचं नव्हतंच. उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज करून परवानगीने फांद्या छाटून घ्यायच्या होत्या. त्या वर्षीचा आमचा अर्ज मग स्वच्छतागृहाच्या दारांसाठी गेला. ती गरजही त्याच बैठकीत पुढे आली, आणि ती सांगणाऱ्या दोघींनी आयुष्यात कधी कुठला अर्ज भरलेला नव्हता.

पोर्तो अलेग्रेची ताकद सभांमध्ये होती. आपल्याकडे सभा मागे पडली आणि अर्ज उरला. अर्ज कोण भरतं? ज्याला लिहिता येतं, ज्याच्याकडे वेळ आहे, ज्याला मुदत कधी संपते हे माहीत आहे. म्हणून याद्यांमध्ये पदपथ आणि रस्ते भरपूर येतात, वस्तीतल्या नळाचं नाव क्वचित येतं. महापालिका सभा घेत नसेल तर आपण घ्यावी. वीस माणसं आणि एक सतरंजी एवढं पुरतं.

९. मी भाड्याने राहतो आणि मतदार यादीत नाव गावाकडे आहे. मला सूचना देता येईल का?

शहरात, हो. सूचना देणं म्हणजे मतदान नव्हे. अर्जावर नाव, राहता पत्ता आणि संपर्क असला की साधारणपणे पुरतं. तुम्हीही पाणी भरता, रस्ता वापरता, दुकानातून घेतलेल्या बहुतेक वस्तूंवर कर भरता. पॅरिसमध्ये तर अशा कामांवर मत देण्यासाठी फ्रेंच नागरिकत्वाचीही अट ठेवलेली नाही, तिथे राहत असलात की झालं. न्यू यॉर्कमध्ये अकरा वर्षांच्या मुलालाही मत देता येतं. ग्रामसभेचा नियम मात्र वेगळा आहे, तो प्रश्न २० मध्ये पाहा.

१०. आमची वस्ती अघोषित आहे, म्हणजे झोपडपट्टी म्हणून सरकारदरबारी जाहीर झालेली नाही. आमचे अर्ज घेतच नाहीत, असं ऐकलं.

अर्ज घ्यायला नकार देता येत नाही. अडचण पुढे येते. जागा खासगी किंवा दुसऱ्या सरकारी खात्याची असेल तर महापालिका तिथे खर्च करायला कचरते. यावर वाट अशी: वस्तीच्या आतल्या कामाऐवजी वस्तीला लागून असलेल्या सार्वजनिक जागेतलं काम सुचवा. वस्तीच्या तोंडाशी असलेलं सार्वजनिक स्वच्छतागृह, मुख्य रस्त्यावरचा दिवा, कचरा उचलायच्या जागेचा कठडा. वस्ती घोषित असेल तर सुधारणेच्या वेगळ्या योजनांचा पैसाही असतो. समाज विकास विभागात त्याची चौकशी करा, सगळा भार या एकाच निधीवर टाकू नका.

११. सोसायटीच्या आतला रस्ता करून मिळेल का? आम्ही कर भरतोच की.

नाही. आतला रस्ता सोसायटीच्या मालकीचा असतो आणि सार्वजनिक पैसा सार्वजनिक वापराच्या जागेवरच खर्च करता येतो. रस्ता महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित केलेला असेल आणि कोणालाही ये-जा करायला खुला असेल तर गोष्ट वेगळी. त्याची कागदपत्रं अर्जाला जोडा.

१२. अर्ज दिल्यावर पुढे काय होतं?

क्षेत्रीय कार्यालय अर्ज कामाच्या प्रकारानुसार त्या त्या विभागाकडे पाठवतं. अभियंता जागा पाहतो, एस्टिमेट काढतो. मग यादी प्रभाग समितीपुढे, म्हणजे त्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीपुढे, येते. तिथून निवडलेली कामं अंदाजपत्रकाच्या मसुद्यात जातात. आयुक्त तो मसुदा साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान स्थायी समितीला सादर करतात, स्थायी समिती (खर्चाचे निर्णय घेणारी नगरसेवकांची छोटी समिती) बदल करते आणि मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांचं सभागृह, मंजुरी देते. १ एप्रिलपासून निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) आणि प्रत्यक्ष काम.

सर्वांत जास्त अर्ज गळतात ते पहिल्या दोन पायऱ्यांवर. अर्ज दिल्यानंतर महिन्याभरात कनिष्ठ अभियंत्याला भेटा आणि "जागेवर कधी येताय, मी हजर राहतो" असं सांगा. सोबत चालत जाऊन जागा दाखवली की अर्जाला तोंड येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. त्या अभियंत्याकडे शंभर कागद असतात आणि तुमचा कागद त्यातला एक असतो.

१३. काम नामंजूर झालं, पण कारण कुणी सांगत नाही.

आधी आवक क्रमांक देऊन लेखी विचारा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. "माझ्या अर्जाचं काय झालं?" असं मोघम विचारू नका. तुमच्या अर्जावरचा शेरा, स्थळपाहणीचा अहवाल, एस्टिमेट आणि प्रभाग समितीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त, या चार कागदांच्या प्रती मागा. कारण कळलं की निम्म्या वेळा पुढच्या वर्षी ते दुरुस्त करता येतं.

१४. नगरसेवकांना सांगितलं की काम होतंच. मग एवढा खटाटोप कशाला? आणि नगरसेवकच नसतील तर?

पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीला "स" यादी म्हणतात, आणि तिचा निधी वेगळा असतो. चांगल्या नगरसेवकांना तुमचा अर्ज अडचणीचा वाटत नाही. उलट लोकांना काय हवंय याचा कागद त्यांच्या हाती येतो. म्हणून अर्जाची एक प्रत त्यांनाही द्या आणि प्रभाग समितीत विषय मांडायची विनंती करा. फरक एवढाच की तोंडी सांगितलेलं काम कृपा म्हणून होतं, आणि लेखी सुचवलेलं काम नोंद म्हणून राहतं. नगरसेवक बदलले तरी नोंद बदलत नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकांकडे होता. प्रभाग समितीत लोकांनी निवडलेलं कुणी नाही, स्थायी समिती आणि मुख्य सभेचे अधिकारही प्रशासकाकडेच. त्या काळात नागरिकांच्या अर्जांना मागून रेटा देणारं सभागृहच उरलं नव्हतं. तशी वेळ परत आली तर क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांकडे गटाने जाऊन भेटीची लेखी नोंद ठेवा.

१५. गावात अशी काही सोय आहे का?

गावात तर शहरापेक्षा मोठा अधिकार आहे, फक्त तो वापरला जात नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा धरल्या जातात. गावचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे मांडून मंजूर करून घ्यावा लागतो. २०१५ पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला आणि "आमचं गाव, आमचा विकास" या कार्यक्रमात आराखडा लोकांनी बसून करायची पद्धत घालून दिली गेली. तुमच्या गावचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचं नाव निवडून कोणालाही पाहता येतो. आधी तो पाहा, छापून घ्या आणि ग्रामसभेत हातात धरून उभे राहा.

१६. ग्रामसभेला माणसंच जमत नाहीत. कोरमचं काय?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी (कोरम). ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मग गणपूर्तीची अट राहत नाही, मात्र तिथे नवा विषय घेता येत नाही. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या सभेला लोक आले नाहीत, आणि तहकूब सभेत दहा माणसांनी वर्षभराचा आराखडा मंजूर केला, असं कित्येक गावांत होतं. तुमचा विषय पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवरच यायला हवा. नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा लेखी विषय त्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या.

१७. आलेल्या पैशातून ग्रामसभा वाट्टेल ते काम करू शकते का?

नाही. पैशाला अटी असतात. १५ व्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, तोही पगारावर खर्च करता येत नव्हता. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. नुसतं "निधी कुठे गेला?" विचारलं की गोंगाट होतो. "गेल्या वर्षीच्या वसुलीतले दिव्यांगांचे पाच टक्के कोणाला मिळाले, त्याची यादी वाचून दाखवा," असं विचारलं की दप्तर उघडावं लागतं.

१८. आमच्या गावात बायका ग्रामसभेला येतात, पण बोलत नाहीत.

नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे, आणि तिथले विषय पुढच्या सभेत मांडायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ती नुसत्या सह्या घेऊन उरकली जाते. बचत गटाच्या बैठकीच्या दिवशीच, बचत गट बसतो त्याच ओसरीवर ती घ्या. दुपारी तीनची वेळ धरा, कारण सकाळी पाणी आणि संध्याकाळी चूल असते. ठराव तिथेच वाचून दाखवून लिहून घ्या. "पाणी कमी येतं" एवढ्यावर थांबू नका. किती वाजता येतं, किती हंडे भरतात आणि वरच्या आळीत का पोहोचत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येत नाही.

१९. आमचं गाव आदिवासी भागात, पेसामध्ये येतं. नियम वेगळे आहेत का?

हो, आणि जास्त बळकट आहेत. पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा केंद्राचा कायदा. पेसा क्षेत्रात वाडी-पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घोषित करून घेता येते. राज्याचे पेसा नियम २०१४ चे आहेत, आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णयही झालेला आहे. त्याचा विनियोग ग्रामसभेच्या ठरावाने व्हायचा असतो.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव अनेकांना माहीत आहे ते "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे. आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची अभ्यासगटाची रीत. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा, पण त्याआधी विषयाचा अभ्यास करायला लोक वेगळे बसतात. शहरातल्या गटांनीही हे उचलायला हवं.

२०. मी नोकरीमुळे मुंबईत (किंवा परदेशात) असतो. गावच्या ग्रामसभेत ठराव मांडता येईल का?

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या पंचायतीच्या मतदार यादीतली माणसं. तुमचं नाव त्या यादीत असेल आणि तुम्ही हजर असाल तर बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. नाव दुसरीकडे असेल तर तुम्ही लेखी सूचना पाठवू शकता, मात्र ती मांडायला गावातला मतदार लागतो. मे महिन्यात सुट्टीवर गावी जाणाऱ्यांनी १ मे ची ग्रामसभा धरून तिकिटं काढावीत. दुबई किंवा अमेरिकेतून गावासाठी वर्गणी पाठवणाऱ्यांना एक विनंती: कमानीसाठी पैसे पाठवण्याआधी ई-ग्रामस्वराजवर गावचा आराखडा वाचा, आणि जे काम अडलं आहे त्याबद्दल गावातल्या चार जणांना फोन करून विचारा.

२१. आमच्या कामाची तरतूद झाली, पण वर्ष संपलं तरी काम नाही. पैसे कुठे गेले?

तीन शक्यता. पहिली, निविदा वेळेत निघाली नाही आणि ३१ मार्चला तरतूद संपली. दुसरी, निवडणुकीची आचारसंहिता लागली. कार्यादेश देऊन सुरू झालेलं काम आचारसंहितेत चालू राहतं, पण सुरू न झालेलं नवं काम थांबतं. म्हणून निवडणुकीच्या वर्षी कार्यादेश लवकर निघावा म्हणून पाठपुरावा करा. तिसरी, वर्गीकरण झालं, म्हणजे तुमच्या कामाची रक्कम ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवली गेली. याचा सर्वांत जास्त त्रास होतो, कारण सुचवणाऱ्याला कुणी कळवत नाही. स्थायी समितीच्या विषयपत्रिका डिसेंबरनंतर दर आठवड्याला चाळा, आणि आपल्या कामाचं नाव वर्गीकरणाच्या प्रस्तावात दिसलं तर बैठकीच्या आधीच लेखी हरकत द्या.

२२. काम झालं, पण चुकीच्या जागी झालं. आता?

हे घडतं. एका अर्जातलं बाक थांब्यापासून चाळीस पावलं पुढे, उन्हात बसवलं गेलं होतं. जागेचं वर्णन अर्जात नेमकं होतं म्हणूनच ते परत हलवून घेता आलं (प्रश्न ६). लगेच फोटो काढा, अर्जाची शिक्का मारलेली प्रत जोडा आणि ठेकेदाराचं अंतिम बिल निघायच्या आत विभागाला लेखी कळवा. बिल निघण्याआधी मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीमध्ये, काम कुठे आणि किती झालं याची नोंद होते. ती नोंद पाहायला मागा. कामाचा दर्जा खराब असेल तर दोषदायित्व कालावधी किती आहे ते कार्यादेशात लिहिलेलं असतं, आणि त्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. आमच्या बाकावर आता दुपारी सावली असते, आणि दवाखान्यातून येणारे आजोबा तिथे बसून औषधांच्या चिठ्ठ्या नीट लावतात.